धूसर बिअर: हॉप्सचा गंध, तिचा आस्वाद आणि तिचे अल्पायुष्य

पेल्यातील बिअर स्वच्छ असावी, पलीकडे धरलेले बोट तिच्यातून दिसावे, ही अपेक्षा पिढ्यान्पिढ्या रुळलेली आहे. बिअर गढूळ झाली म्हणजे पिंपात जंतू शिरले किंवा बनवणाऱ्याने हयगय केली, असाच अर्थ लावला जाई. त्यामुळे अननसाच्या रसासारखी दाट पिवळी, प्रकाश अडवून धरणारी बिअर प्रथमच पाहणारा मनुष्य ती परत पाठवण्याच्या विचारात पडला, तर त्यात नवल नाही. या बिअरला ‘हेझी आयपीए’ किंवा उगमस्थानावरून ‘न्यू इंग्लंड आयपीए’ म्हणतात. तिचा धूसरपणा हेतुपूर्वक राखलेला असतो आणि तिची खरी ओळख तिच्या गंधात असते. तरीही गढूळ दिसणारी प्रत्येक बिअर चांगली असते असे नाही. बिघडलेली बिअरही गढूळ असू शकते आणि महागडा कॅन विकत घेणाऱ्याला हा फरक डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखावा लागतो.

या प्रकाराचा उगम अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट या डोंगराळ राज्यात झाला. बर्लिंग्टन शहरात ग्रेग नूनन यांचे मद्यालय होते. तेथे काम केलेल्या जॉन किमिच यांनी पत्नी जेन यांच्यासह 2003 मध्ये वॉटरबरी या लहानशा गावी ‘द अल्केमिस्ट’ नावाचे मद्यालय उघडले. नूनन यांच्याकडील यीस्टचा एक वाण त्यांच्याबरोबर आला. तोच पुढे ‘कॉनन’ या नावाने प्रसिद्धीस आला. 2004 पासून तेथे बनू लागलेली ‘हेडी टॉपर’ ही आठ टक्के मद्यार्काची बिअर गाळलेली नसे आणि तिच्या वासाला फळांच्या टोपलीची उपमा दिली जाई. ऑगस्ट 2011 अखेरीस आयरीन वादळाच्या पुरात ते मद्यालय उद्ध्वस्त झाले. अवघ्या दोन दिवसांनी, गावातच नव्याने उभारलेल्या कारखान्यातून हेडी टॉपरचे पहिले कॅन बाहेर पडले. या कॅनवर एक सूचना असते, ती म्हणजे बिअर थेट कॅनमधूनच प्यावी. पेल्यात ओतताना वास छान येतो खरा, पण मेहनतीने राखलेला गंध त्यातच निसटून जातो, असे निर्मात्यांचे म्हणणे. आस्वादाच्या दृष्टीने हा सल्ला मानावा की नाही, याचा विचार पुढे येईल.

लोकप्रियता आधी आली आणि मान्यता मागाहून. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनने 2018 मध्ये ‘ज्यूसी अथवा हेझी’ हे वर्ग आपल्या अधिकृत यादीत घातले. परीक्षकांसाठी मार्गदर्शिका काढणाऱ्या बीजेसीपी या संस्थेच्या 2021 च्या आवृत्तीत हेझी आयपीएला स्वतंत्र स्थान आहे. मद्यार्क सहा ते नऊ टक्के, रंग फिकट पिवळ्यापासून सोनेरीपर्यंत, कडवटपणा मध्यम आणि हॉप्सचा गंध तीव्र, असे तिचे साधारण वर्णन तेथे आढळते.

आयपीए या नावातील पहिले अक्षर हिंदुस्थानचे आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लंडन व बर्टन येथील फिकट रंगाची, भरपूर हॉप्स घातलेली एल जहाजांतून कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांत येत असे. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम शोधून काढली गेली, ही कथा मात्र अभ्यासकांनी फार पूर्वीच बाजूला ठेवली आहे. तशी एल इंग्लंडमध्ये आधीपासून बनत होती, आणि काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून सुखरूप येत होती. निर्यातीच्या पिंपांत बूच मारण्यापूर्वी मूठभर कोरडे हॉप्स टाकण्याची इंग्रजी रीत मात्र खरी, आणि आजच्या धूसर बिअरचा आधार तीच आहे. हिंदुस्थानचे नाव अमेरिकेमार्गे परत आल्यावर येथेही त्याला नवे अर्थ चिकटले. गोव्यात बनणाऱ्या एका आयपीएने तर हणजूणच्या जुन्या हिप्पी जगतातील ‘एट फिंगर एडी’चे नाव घेतले आहे.

हॉप्स ही वेलीवर येणारी, लहान हिरव्या शंकूंसारखी मादी फुले होत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही वेल भांगेच्या कुळातील. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात तिची लागवड झाली आहे, परंतु सुगंधासाठी नावाजलेले वाण बहुतांशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधून येतात. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. तीत राळेसारखी आम्ले असतात आणि सुगंधी तेलेही. बिअरचा काढा उकळताना हॉप्स घातले की आम्लांचे रूप पालटते आणि कडवटपणा उतरतो, परंतु तेले वाफेबरोबर उडून जातात. फोडणीला घातलेली कोथिंबीर आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. उकळण्याची वेळ टळल्यावर, थंड झालेल्या काढ्यात किंवा किण्वन चालू असताना वा संपल्यावर टाकीत हॉप्स घालणे म्हणजे ड्राय हॉपिंग. यातील ‘ड्राय’ या शब्दाचा चवीच्या कोरडेपणाशी संबंध नाही, हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे. वेष्टनावर तो शब्द वाचून फसगत होणारे पुष्कळ.

1972 मध्ये ओरेगन राज्यातून आलेल्या ‘कॅस्केड’ या वाणाने अमेरिकी बिअरला द्राक्षफळाच्या सालीचा वास दिला. न्यूझीलंडचा ‘नेल्सन सोव्हिन’ 2000 मधला, ‘सिट्रा’ 2008 च्या सुमाराचा, ‘मोझॅक’ 2012 चा. या नव्या वाणांत लिनॅलूल, जिरॅनिऑल यांसारखी फुलांच्या वासाची द्रव्ये असतातच, शिवाय थायोल नावाची गंधकयुक्त द्रव्येही असतात. एका लिटरमध्ये काही अब्जांश ग्रॅम एवढ्या नगण्य प्रमाणातही मनुष्याचे नाक ती टिपते. त्यांपैकी एक थायोल पेरू, पॅशनफ्रूट आणि द्राक्षफळ या तिन्हींत निसर्गतः आढळतो. म्हणजे हॉप्सच्या बिअरला पेरूचा वास येतो असे कोणी म्हणाल्यास ती कविकल्पना मानण्याचे कारण नाही. बिअरमध्ये पेरू नसला तरी पेरूचे द्रव्य खरोखरच असू शकते. हेच द्रव्यकुळ प्रमाणाबाहेर गेले की घामाचा किंवा मांजराच्या मुताचा दर्प देते. सुगंध आणि दुर्गंध यांच्यातील अंतर येथे फार थोडे आहे.

किण्वन चालू असतानाच हॉप्स घातल्यास यीस्टही या गंधद्रव्यांत फेरफार करते. उदाहरणार्थ, जिरॅनिऑलचे काही अंशी सिट्रोनेलॉल बनते आणि गुलाबाचा वास लिंबाकडे झुकतो. प्रत्यक्ष पेल्यात या क्रियेचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. वेष्टनांवर मात्र तिचा डांगोरा पुष्कळ पिटला जातो.

धूसरपणा कशाने येतो? पुष्कळांना वाटते की तळाशी न बसलेल्या यीस्टमुळे. यीस्टचा वाटा असतो, पण तो दुय्यम. माल्टसोबत मुबलक वापरलेल्या ओट व गव्हातील प्रथिने आणि हॉप्समधून आलेली पॉलिफिनॉल ही तुरट द्रव्ये एकमेकांना धरून इतके सूक्ष्म कण बनवतात, की ते तळाला बसतच नाहीत. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि बिअर ढगाळ दिसते. पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइडचे प्रमाण अधिक ठेवल्याने जिभेवर मऊपणा येतो. चांगल्या बिअरचा धूसरपणा ताकासारखा एकसंध असतो. पेल्यात कण तरंगताना दिसू लागले, किंवा वर पातळ आणि खाली चोथा अशी फारकत झाली, तर ते कौशल्याचे लक्षण नव्हे.

आता प्रत्यक्ष आस्वाद. हेडी टॉपरचा सल्ला आदराने बाजूला ठेवावा. कॅनच्या बोटभर छिद्रातून पिणाऱ्याच्या नाकाला जे मिळते ते फार अपुरे असते, आणि या बिअरची किंमत तिच्या वासासाठीच मोजलेली असते. तोंडाशी किंचित निमुळता होणारा, दांडीचा पेला उत्तम. तो नसल्यास वाइनचा पेला चालतो. फ्रीझरमध्ये गोठवलेला जाड मग मात्र अजिबात नको, कारण त्यावरचा बर्फ बिअरमध्ये उतरतो आणि थंडीने नाकाला काहीच कळेनासे होते. पेला धुताना तेलाचा अंश राहिला असेल तर फेस बसतो. तो तपासण्याची सोपी युक्ती अशी की पेला पाण्याने विसळून उपडा धरावा. पाणी सलग पडद्यासारखे ओघळले तर पेला स्वच्छ, थेंबाथेंबांनी चिकटून राहिले तर नाही.

कॅन फ्रिजमधून काढल्यावर लगेच ओतू नये. सात ते दहा अंश सेल्सिअसला ही बिअर सर्वाधिक बोलते. गोव्याच्या हवेत फ्रिजबाहेरची थोडी मिनिटे त्यासाठी पुरतात. कॅन हलवू नये, उलटाही करू नये. तळाशी असलेला हॉप्सचा चुरा ढवळला गेल्यास घशात जी खरखरीत जळजळ होते तिला बनवणारे ‘हॉप बर्न’ म्हणतात. अगदी ताज्या कॅनमध्ये ती थोडी असू शकते आणि काही दिवस थंडीत उभा ठेवल्यास बहुधा निवते. पेला निम्माच भरावा. उरलेली जागा गंधासाठी असते.

ओतल्याबरोबर, फेस खाली बसण्याआधी पहिला हुंगा घ्यावा. सर्वांत चंचल द्रव्ये तेव्हाच वर येतात आणि दोन मिनिटांनी ती परत मिळत नाहीत. दीर्घ श्वास ओढण्याऐवजी छोटे छोटे हुंगे घ्यावेत. नाक लवकर थकते, म्हणून मध्ये पेला दूर करावा आणि स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा. व्यावसायिक परीक्षकही असेच करतात. नंतर पेल्यावर तळहात झाकून बिअर हलकेच घोळवावी आणि पुन्हा हुंगावे. पहिल्या आणि दुसऱ्या हुंग्यात काय बदलले, याकडे लक्ष दिले की सराव नसलेल्यालाही थर वेगळे करता येऊ लागतात. आधी साल, मग गर, मग पाने आणि देठ.

या थरांना नावे देणे हे सर्वांत अवघड काम आहे. परदेशी वर्णनांत ब्लॅकबेरी, पीच, गूजबेरी, पाइनची राळ असे शब्द पुनःपुन्हा येतात. गोव्यातील वाचकाने ते पाठ करून उपयोग नाही. ज्या फळाचा वास बालपणी घेतला नाही, ते फळ नाक कसे ओळखणार? उलट येथील नाकाकडे असे शब्दभांडार आहे, जे व्हरमाँटच्या परीक्षकाला दुर्मीळ. मानकुरादचा देठाजवळचा चीक आणि त्याचाच पिकलेला गर हे दोन वेगळे वास आहेत, आणि सिट्रा व मोझॅकच्या बिअरमध्ये दोन्ही भेटू शकतात. पपनसाची जाड साल नखाने ओरबाडल्यावर येणारा वास, पाडाला आलेला पेरू आणि अतिपक्व पेरू, अननसाचा साली लगतचा भाग, उन्हात पडलेले काजूचे बोंडू. या तुलना अधिक नेमक्या आहेत आणि त्या वापरताना संकोच वाटण्याचे कारण नाही. एखादी बिअर ‘ट्रॉपिकल’ आहे असे म्हटल्याने काही कळत नाही. तिला बोंडूचा वास आहे असे म्हटले की गोमंतकीय माणसाला रंग, आंबूसपणा आणि घशातील तुरटीसह सगळे कळते.

घोट मध्यम घ्यावा आणि जिभेवर क्षणभर धरावा. ओटमुळे येणारा गुळगुळीतपणा, सौम्य फेसाळणे आणि बेताची गोडी प्रथम जाणवते. गिळताना तोंड बंद ठेवून श्वास नाकावाटे सोडावा. आपण जिला फळाची ‘चव’ म्हणतो तिचा मोठा भाग याच मागच्या वाटेने नाकात पोहोचतो. कडवटपणा शेवटी यावा, फळाला उठाव द्यावा आणि निघून जावा. तो नसेलच तर बिअर सरबतासारखी लागते, आणि अलीकडच्या पुष्कळ कॅनांची तक्रार हीच आहे. गोडी आणि दाटपणा वाढवता वाढवता बिअर असल्याची खूणच पुसली गेली आहे. दुसरीकडे, हॉप्स अधिक म्हणजे गंध अधिक हेही खरे नाही. ओरेगन राज्य विद्यापीठात कॅस्केडवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिटरला चार ते आठ ग्रॅमपर्यंत ड्राय हॉपिंगचा लाभ दिसला. त्यापुढे फळाचा गंध त्या प्रमाणात न वाढता चहापत्ती आणि पाल्याकडे झुकू लागला. बाजारात त्याहून कितीतरी अधिक मात्रेच्या बिअर अभिमानाने विकल्या जातात.

दोष ओळखणे हा आस्वादाचाच भाग. लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर ते डायअॅसिटिल. ड्राय हॉपिंगने किण्वन पुन्हा सुरू होण्याची एक जुनी खोड आहे. हॉप्समधील विकरे उरलेल्या न आंबणाऱ्या शर्करा फोडतात, यीस्ट जागे होते, बिअर पातळ व अधिक मादक बनते आणि मध्येच अडकल्यास लोण्याचा वास मागे ठेवते. हॉप्समध्ये शर्करा फोडण्याची ही शक्ती आहे, हे इंग्लंडमधील ब्राऊन आणि मॉरिस यांनी 1893 मध्येच लिहून ठेवले होते. सव्वाशे वर्षांनी मोठ्या प्रमाणात हॉप्स वापरणाऱ्यांना तो धडा नव्याने शिकावा लागला. हा प्रकार बंद कॅनमध्ये घडला तर कॅन फुगतो, क्वचित फुटतोही. फुगलेला कॅन दुकानातून उचलू नये.

परंतु या बिअरचा मुख्य शत्रू प्राणवायू, आणि त्याचा साथीदार उष्मा. हॉप्स आणि ओट यांतून येणारे मँगनीज ऑक्सिडीकरणाला चालना देते, त्यामुळे साध्या लागरला जेवढा प्राणवायू खपतो तेवढ्यात ही बिअर कोसळते. आधी पेरू-आंब्याचा गंध मंदावतो. मग मधाचा, जुन्या शेरीचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. पिवळा रंग मातकट होतो, पुढे करडा-जांभळट. अशी बिअर आरोग्याला अपायकारक नसते, केवळ मेलेली असते. व्यवसायात एक ठोकताळा सांगितला जातो. सुमारे 32 अंशांवर तीन दिवसांत बिअरची जितकी हानी होते, तितकी 22 अंशांवर तीस दिवसांत आणि तीन अंशांवर तीनशे दिवसांत होते. धूसर बिअरला यातील तीनशेचा आकडा लागू करू नये, ती थंडीतही काही महिन्यांत मावळते. पण पहिला आकडा गोव्याच्या उन्हाळ्यात अक्षरशः लागू पडतो. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या गोदामात एक आठवडा राहिलेला आणि नंतर दुकानाच्या झगमगत्या फ्रिजमध्ये ठेवलेला कॅन थंड असेल, ताजा नसेल. म्हणून किमतीआधी तळावरील उत्पादनाची तारीख पाहावी आणि विक्रेत्याला, माल आल्यापासून तो थंडीतच होता का, हे विचारावे. सहा आठवड्यांच्या आतला, सतत गार राहिलेला कॅन घेण्याजोगा. तारीखच नसेल तर न घेतलेला बरा. नळावरची बिअर घेताना चौथाई पेला चाखायला मागणे यात काही गैर नाही. चांगली मद्यालये ते आनंदाने देतात.

हे सर्व गोमंतकीयाला परके वाटू नये. हुर्राक हेच शिकवते. काजूच्या हंगामात, फेब्रुवारी ते मे एवढ्याच काळात निघणारे ते पहिल्या धारेचे मद्य सुमारे पंधरा टक्के मद्यार्काचे असते. फेणीसारखे ते वर्षानुवर्षे टिकत नाही. त्याचा कोवळा फळाचा वास थोड्याच काळात उतरतो, म्हणून जाणकार ते साठवून ठेवत नाहीत, हंगामात पिऊन मोकळे होतात. धूसर बिअरला हंगाम नसला तरी तिचा प्रत्येक घाणा हा एक छोटा हंगामच असतो.

जेवणाबरोबर घ्यायची तर मिरची आणि कडवटपणा एकमेकांना भडकावतात, आणि मद्यार्क तिखटाची आग वाढवतो. रेशादचे मसालेदार बांगडे किंवा चुरीस-पाव यांच्यासोबत साधी गार लागर जास्त शहाणपणाची. नारळाच्या रसातला सौम्य कालवणाचा मासा, तळलेले मोडसो, ताजे पनीर किंवा उकडलेल्या काटे-कणग्या यांच्याशी या बिअरचे पटते. गोड पदार्थांपुढे मात्र ती लुळी पडते.

प्रमाणाविषयी एक हिशेब. हेडी टॉपरचा कॅन 473 मिलिलिटरचा असतो आणि त्यात आठ टक्क्यांनी सुमारे 38 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो. पाच टक्क्यांच्या 330 मिलिलिटर बाटलीत तो सुमारे साडेसोळा मिलिलिटर असतो. म्हणजे चवीला फळांच्या रसासारखा सौम्य भासणारा हा एक कॅन त्या दोन बाटल्यांहून अधिक भरतो. मऊ चवीमुळे हे जाणवत नाही आणि दुचाकीची किल्ली हाती घेतल्यावर जाणवून उपयोग नसतो. आस्वादासाठी जमलेल्या चार जणांनी एक कॅन चार पेल्यांत वाटून घ्यावा, मग दुसऱ्या वाणाचा दुसरा उघडावा. तुलना तशीच होते, आणि शेवटच्या पेल्यापर्यंत नाक शाबूत राहते.